काटेरी वाण

मिशिगनमधल्या ट्रॉय गावातल्या आमच्या पहिल्याच जानेवारीत मी समोरच्या घरातला माणूस वेडा आहे असं ठरवून टाकलं होतं. पुरावा भक्कम होता. आदल्या दिवशी गुडघाभर बर्फ पडला होता आणि सगळी गल्ली फावडी घेऊन बाहेर पडली होती. मी पुण्याहून नुकताच आलेलो. बर्फ कसा काढतात हे शेजाऱ्यांकडे चोरून बघत शिकत होतो. सगळे आपापल्या दारातला बर्फ काढत होते आणि समोर, साठीकडे झुकलेला, माकडटोपी घातलेला एक गृहस्थ लॉनवरचा बर्फ घमेल्यात भरून घराच्या भिंतीलगतच्या वाफ्यात नेऊन घालत होता. घालून झाल्यावर पांघरूण सारखं करावं तसा हाताने सारखा करत होता.

माकडटोपीमुळे माणूस आपल्यातलाच, याबद्दल शंका उरली नाही. म्हणूनच धक्का जास्त बसला. मी रस्ता ओलांडून गेलो.

"काका, बर्फ काढायचा असतो ना?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. माझ्या पायात पुण्यातून आणलेले कॅनव्हासचे बूट होते.

"तू तुझा कुठे टाकणार आहेस?"

"कडेला कुठेतरी."

"ड्राइव्हवेवरचा असेल तर नको. त्यात बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ असतं. लॉनवरचा स्वच्छ असला तर आण इकडे."

आणि मी चक्क आणला. दोन घमेली. घरी आल्यावर मधुराने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं की इतका वेळ कुठे होतास. समोरच्यांना बर्फ द्यायला गेलो होतो, म्हणालो. तिने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "शेजाऱ्यांना विरजण देतात एवढं मला माहीत होतं."

ते बाक्रेकाका. पुढची सहा-सात वर्षं या माणसाने मला धक्के देण्याचं काम नियमित केलं.

बर्फाखाली काय आहे हे मला मार्चअखेर कळलं. बर्फ वितळला आणि खालून निघाला निवडुंग. आपला फड्या निवडुंग, जो आपल्याकडे शेताच्या बांधावर असतो आणि ज्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. मिशिगनमध्ये, जिथे माझ्या मिशीवर श्वास गोठत होता, तिथे हा निवडुंग. पण त्याची अवस्था बघवत नव्हती. फडे जमिनीवर आडवे पडलेले, सुरकुतलेले, जांभळट काळे, जुन्या चपलांसारखे. मला वाईट वाटलं. एवढा बर्फ वाहून त्या माणसाने मिळवलं काय? मी भेटायला गेलो आणि अशा वेळी करतात तसा आवाज खाली करून म्हणालो, "काका, गेलं का हो सगळं?"

"कोण गेलं?"

मी वाफ्याकडे बोट दाखवलं.

"मेलंय असं कोणी सांगितलं तुला?"

मग त्यांनी मला तिथेच, चिखलात उभं करून, पहिला धडा दिला. बाक्रेकाका गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत कोल्ड रूममध्ये काम करायचे. म्हणजे गाडीची रबरं, बॅटऱ्या, वायपर, नळ्या एका खोलीत उणे तीसला नेऊन ठेवायच्या आणि त्या कधी तडकतात ते बघायचं. आयुष्यभर त्यांनी वस्तू गोठवल्या होत्या. "थंडी कोणाला मारत नाही," ते म्हणाले. "आत साठलेलं पाणी मारतं. पाणी गोठतं, फुगतं, फोडतं. रेडिएटर काय आणि झाड काय. ह्याला ते कळतं. थंडीची चाहूल लागली की हा आपलं पाणी कमी करतो, सुकतो, आडवा पडतो. तुला वाटतं मेला. तो नुसता गप्प असतो."

"आणि बर्फ?"

"ते पांघरूण. बर्फाने काही होत नाही. हिवाळ्यातला पाऊस वाईट."

जूनमध्ये त्या जुन्या चपला उठून उभ्या राहिल्या, हिरव्या झाल्या आणि त्यांना पिवळी फुलं आली. रेशमासारखी, तळहाताएवढी. मी ऑफिसला जायला निघालो होतो, गाडीचं दार उघडं ठेवून बघत उभा राहिलो. समोरून काकांनी नुसती भुवई उचलली आणि घरात गेले.

मला वाटलं होतं, हे बी त्यांनी गावाकडून चोरून आणलं असणार. काका जत तालुक्यातले. त्यांच्या घराला फड्याचंच कुंपण होतं म्हणे. तसं विचारल्यावर ते माझ्यावर जवळजवळ चिडले. "मी काही आणलेलं नाही. हा इथलाच आहे. इथल्या वाळूत आपोआप उगवतो. मलाही पहिल्यांदा दिसला तेव्हा खरं वाटलं नव्हतं. तो इथला, आपण बाहेरचे."

आता त्या वाफ्याबद्दल सांगायला हवं. घराच्या दक्षिणेच्या विटांच्या भिंतीला लागून, पुढच्या दाराच्या दोन्ही बाजूंना, त्यांनी वाळू आणि खडी घालून उंचवटा केला होता. पाणी थांबता कामा नये म्हणून. त्यात फड्याच्या चार-पाच जाती, एक घायपातासारखं टोकदार पानांचं झाड आणि कडेने लहान लहान गुलाबासारखे दिसणारे मांसल पानांचे गेंद. त्यांना इथले लोक कोंबडी आणि पिल्लं म्हणतात, कारण एका मोठ्या गेंदाभोवती बारके गेंद जमतात. आणि या सगळ्यावर, विटांवर तिरप्या टेकवलेल्या, मोटारींच्या पुढच्या काचा. कंपनीच्या भंगारातून आणलेल्या. हिवाळ्याच्या आणि वसंतातल्या पावसापासून आडोसा म्हणून. लांबून बघितलं तर वाटायचं, चार-पाच गाड्या जमिनीत गाडल्या आहेत आणि फक्त काचा वर राहिल्या आहेत.

गल्लीतले अमेरिकन शेजारी सभ्य होते. त्यांनी एकदाच तक्रारीची चिठ्ठी टाकली. आपली मंडळी मात्र सभ्य नव्हती. आमच्या मराठी मंडळाच्या सुनंदाताई प्रधान यांनी काकांच्या तोंडावर सांगितलं होतं, "काका, दारात काटेरी झाड असू नये. घरात भांडणं होतात."

काका म्हणाले, "आमची भांडणं झाडं लावायच्या आधीची आहेत."

हे अगदी खरं होतं. विजूकाकू, म्हणजे बाक्रेकाकू, ठणठणीत आवाजाच्या, गोऱ्या, ठेंगण्या, सांगलीच्या. काका दिवसाला जेवढे शब्द बोलत तेवढे त्या एका श्वासात बोलत. मंडळातल्या प्रत्येक घरातल्या प्रत्येक माणसाचं पोट कशाने बिघडतं हे त्यांना पाठ होतं. काकांना त्या घरांचे रस्तेसुद्धा माहीत नव्हते. कुठे जायचं असलं की काकू शेजारी बसून "आता डावीकडे, आता उजवीकडे" करत आणि काका निमूट चाकावर. पोचल्यावर काकू आत जात आणि काका पार्किंगमध्येच रेंगाळत. का, तर लोकांच्या गाड्यांचे वायपर उचलून त्यांचं रबर बोटाने चाचपायला. गणपतीच्या आरतीला सगळे आत टाळ्या वाजवतायत आणि बाहेर हा गृहस्थ एकेका गाडीपाशी थांबून वायपर उचलतोय. एकदा कोणीतरी पोलिसांना बोलवायच्या बेतात होतं. काका आत आले आणि त्यांनी प्रसाद घेता घेता तिघांना सांगितलं, "तुमचं रबर गेलंय. बदलून घ्या." माझं तर दर वर्षी गेलेलं असायचं.

काकूंचं त्या बागेबद्दलचं मत जगजाहीर होतं. "ह्यांना माणसांपेक्षा काटे प्रिय. माणसं टोचली तर बोलतात ना, म्हणून." त्यांना गुलाब हवे होते, मोगरा हवा होता. त्यांची तुळस स्वयंपाकघराच्या खिडकीत होती आणि ती त्यांनी कधी काकांना हात लावू दिली नाही. त्यांच्याकडे सत्यनारायणाला आलेल्या बायका पुढच्या दाराने न येता गॅरेजमधून यायच्या, साड्या वर धरून, बर्फाचं फावडं आणि लॉनमोअर चुकवत. काकू प्रत्येकीला सांगायच्या, "या, या. आमचं दार काट्यांना दिलंय."

एका जुलैमध्ये त्यांच्या मागच्या अंगणात जेवण होतं. तिथे काकांनी छाटलेले काही फडे एका बाकाच्या कडेला वाळत ठेवले होते. मोठे काटे नसलेली जात. दिसायला अगदी गुळगुळीत, उशीसारखी. मी हातात भजीची ताटली घेऊन गप्पांच्या नादात त्या बाकावर बसलो. मोठे काटे दिसतात, त्यांचं भय नसतं. भय असतं ते कुसळांचं. शेकडो, सूक्ष्म, डोळ्यांना न दिसणारी. मी कुठल्या भागाने बसलो हे सांगण्याची गरज नाही. माणसं सहसा त्याच भागाने बसतात.

काकांनी मला गॅरेजमध्ये नेलं, पालथं झोपवलं आणि पाइप चिकटवायची रुंद राखाडी पट्टी लावून एका झटक्यात ओढली. मी ओरडलो. दाराबाहेरून काकू म्हणाल्या, "अहो, हळू. तुमचं रबर नाही ते." आत काका पहिल्यांदाच, माझ्या माहितीत, मोठ्याने हसले. मी पालथा पडलो असल्यामुळे त्यांचा चेहरा दिसला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

दोन हजार सातची संक्रांत. काकूंनी हळदीकुंकवाला सगळ्यांना बोलावलं होतं. आमच्या मंडळात वाण म्हणजे प्लॅस्टिकचे डबे. प्रत्येक घरात प्रत्येकीने दिलेले, झाकण न बसणारे डबे साठलेले. त्या दिवशी मधुरा परत आली ती जवळजवळ हवालदिल होऊन. तिच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"काकूंनी वाण काय दिलंय बघ."

मी उघडलं. आत एक सुरकुतलेला, काटेरी, वाळका फडा.

नंतर ऐकलं ते असं. काकूंनी हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, ओटी भरली आणि मग शांतपणे प्रत्येकीच्या हातात एकेक पुडी ठेवली. कोणीतरी किंचाळलं. सुनंदाताई तर उभ्याच राहिल्या. "काकू, अहो काटे वाणात?" काकू म्हणाल्या, "दर वर्षी ते मेले डबे. या वर्षी जिवंत काहीतरी लुटते. एप्रिलपर्यंत पाणी घालायचं नाही. मग वाळूत ठेवायचं आणि विसरून जायचं."

खरा धक्का मात्र पुढे होता. काकांना यातलं काही माहीत नव्हतं. ते कामावरून आले तर त्यांच्याच दारातून बायका त्यांचाच निवडुंग घेऊन बाहेर पडतायत. आणि या वेळी गॅरेजमधून नाही, पुढच्या दाराने. काकूंनी ऑक्टोबरमध्येच, काका कामावर असताना, पावाच्या सुरीने आणि पोळीच्या चिमट्याने हे फडे अगदी सांध्यावर नेमके कापले होते आणि तळघरात वर्तमानपत्रावर जखम सुकवत ठेवले होते. त्या हे कधी शिकल्या? त्यांनी तर आयुष्यभर त्या झाडांना शिव्या घातल्या. मधुरा म्हणाली, काका ड्राइव्हवेमध्ये डबा हातात घेऊन उभेच राहिले.

"विचारायचं तरी," ते म्हणाले.

"तुम्ही लावताना विचारलं होतंत?" काकू म्हणाल्या. "जा, हात धुवा. गुळाची पोळी केलीय."

एप्रिलमध्ये काकू गेल्या. मंगळवारी सकाळी किराणा आणायला निघाल्या, गाडीच्या दाराशी खाली बसल्या आणि उठल्या नाहीत. हृदय. मी समोरच राहत होतो, म्हणून अँब्युलन्स आली तेव्हा बाहेर होतो. दुपारी विमानतळावर त्यांच्या मुलाला, अजयला आणायला गेलो. अजय इथेच जन्मलेला, तिकडे पश्चिम किनाऱ्यावर रेडमंडला एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत. सगळ्या रस्त्यात तो एकच वाक्य बोलला, "बट आय टॉक्ड टु हर ऑन संडे." मी होय म्हणालो. 

काका रडले नाहीत. कोणाशी बोललेही नाहीत. मंडळातून डबे येत राहिले, काका दार उघडत, डबा घेत, मान हलवत, दार लावत. एकदा मी गेलो तर डबे फ्रिजमध्ये ओळीने, उघडलेले नव्हते. अजय त्यांना आणि अस्थी घेऊन भारतात गेला. काकूंनी सांगून ठेवलं होतं, कृष्णेत, सांगलीच्या घाटावर.

ते तिकडे असताना इथे मंडळाने घेतलं एक काम हाती. प्रधानसाहेबांची, म्हणजे सुनंदाताईंच्या यजमानांची कल्पना. काका परत आले की घर प्रसन्न दिसायला हवं. काकूंना हवी होती तशी बाग. दोन शनिवार-रविवार ही सगळी भली माणसं हातमोजे घालून राबली. त्या भयाण काचा काढून फेकल्या. खडीवर मल्चच्या, म्हणजे झाडांच्या सालींच्या काळ्याभोर भुशाच्या, गोण्याच्या गोण्या ओतल्या, निवडुंगाच्या गळ्यापर्यंत. मधे मधे गुलाबाची रोपं लावली. आणि प्रधानसाहेबांनी पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलरला टायमर लावला, रोज सकाळी. "बिचारी कशी कोमेजलीत बघ," ते मला म्हणाले. मे महिना होता, फडे अजून पुरते उठले नव्हते. दारातून ते सगळं इतकं नीटनेटकं दिसत होतं की मीही बघत राहिलो. पाऊसही भरपूर झाला त्या वर्षी.

काका जूनच्या सुरुवातीला परत आले. मी त्यांना आणायला गेलो होतो. गाडी ड्राइव्हवेत शिरली, काकांनी दार उघडलं आणि बॅग न घेता सरळ वाफ्याकडे गेले. स्प्रिंकलर नुकताच थांबला होता. गुलाब टवटवीत होते. काका खाली बसले. मल्च बाजूला केलं. एका फड्याला बोट लावलं आणि बोट आत गेलं. लोण्यात जावं तसं. दुसरा फडा. तिसरा. वास सुटला. ते एकेक करत वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बसत बसत गेले.

मी इतका हादरलो होतो की बॅग हातात धरून उभाच राहिलो. काकूंच्या वेळीही मी त्यांचा असा चेहरा बघितला नव्हता.

शेवटच्या फड्यापाशी ते म्हणाले, "कोणी केलं?"

मी सांगितलं. प्रेमाने केलं, तुम्हाला बरं वाटावं म्हणून, हेही सांगितलं.

त्यांनी पाण्याचा नळ बंद केला. मग म्हणाले, "विजूने वाण दिलं होतं. ते कोणाकोणाकडे आहे?"

दुसऱ्या दिवशी मी गाडी चालवत होतो, शेजारी मधुरा "आता डावीकडे" करत होती आणि मागच्या सीटवर काका. वीस वर्षं ज्या घरांच्या पार्किंगमध्ये हा माणूस उभा राहिला त्या घरांच्या घंटा तो आयुष्यात पहिल्यांदा स्वतः वाजवत होता. प्रत्येक दारात एकच वाक्य. "विजूने संक्रांतीला दिलेला फडा आहे का?"

पहिल्या घरी तो टाकून दिला होता. कुजका आला असं वाटलं म्हणे. दुसऱ्या घरी लावला होता आणि रोज पाणी घालून गेला होता. तिसऱ्या घरातही तेच. चौथं घर सुनंदाताईंचं. त्यांनी काकांना बघितल्याबरोबर पदराने डोळे पुसले आणि आतून एक सुंदर निळी चिनी मातीची कुंडी आणली. तुळशीच्या शेजारी ठेवली होती, हळदकुंकू वाहिलेलं होतं. आत तपकिरी चिखल.

"रोज पाणी घातलं हो काका. आधी तुळशीला, मग ह्याला. काकूंची आठवण म्हणून एक दिवस चुकवलं नाही."

मी काकांकडे बघितलं. हा माणूस मला फुटलेल्या नळीवरून तासभर बोलू शकत होता. मला वाटलं, आता बोलणार.

"छान कुंडी आहे," काका म्हणाले. कुंडीच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाले, "तिला आवडली असती."

उरलेल्या घरांतही काही हाती लागलं नाही, आम्ही परत निघालो. आमच्या गल्लीत वळताना मधुराने माझ्याकडे बघितलं. 

"आपला कुठे आहे?" ती हळूच म्हणाली.

आमचा. आमच्याकडे वाण आलं होतं हे आम्ही दोघंही विसरून गेलो होतो. आम्ही ते लावलं नव्हतं, पाणी घातलं नव्हतं, देवासमोर ठेवलं नव्हतं. गॅरेज उघडलं. रंगाचे डबे, बर्फाचे टायर, न वापरलेलं व्यायामाचं यंत्र. मी प्रत्येक गोष्ट हलवली. मधुराने कपाटावरची प्लॅस्टिकच्या डब्यांची चळत खाली काढली, मागच्या संक्रांतींची, आणि तिच्यामागे वर्तमानपत्राची पुडी होती. वरच्या बातम्या जानेवारीच्या.

उघडली तर आत तेच. पण आणखी वाईट. निम्म्याने आकसलेलं, राखाडी, वाळलेल्या आंब्याच्या सालीसारखं. उरलेला सगळा हिवाळा त्याने आमच्या गोठलेल्या गॅरेजमध्ये, उजेड नाही, पाणी नाही, असा काढला होता. मला काकांकडे बघवेना.

"काका, सॉरी. हेही गेलं."

काकांनी चष्मा कपाळावर ढकलला. फडा तळहातावर घेतला, काट्यांची पर्वा न करता, आणि अंगठ्याने मधोमध दाबला. मग कडा दाबल्या. वायपरचं रबर चाचपतात तसं.

"मेलंय असं कोणी सांगितलं तुला?"

आवाज त्यांचा नेहमीचाच होता. फक्त बोलता बोलता ते आमच्या व्यायामाच्या यंत्रावर बसले, त्या यंत्राचा तो आजवरचा एकमेव उपयोग, आणि त्यांनी तोंड दंडाआड लपवलं. मधुरा मला दंडाला धरून घरात घेऊन गेली.

तो फडा त्यांनी एका साध्या मातीच्या कुंडीत, खडीत नुसता टेकवून ठेवला. महिन्याभराने त्याने मूळ धरलं. वाफा त्यांनी पुन्हा केला नाही. प्रधानसाहेबांचे गुलाब तसेच राहू दिले. उलट कधी कधी पाणीही घालताना दिसायचे. मंडळातल्या कोणालाही त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही की काय झालं होतं. सगळ्यांना वाटतं, निवडुंग थंडीने गेले. दुसऱ्या उन्हाळ्यात त्या एका फड्याच्या डोक्यावर दोन छोटे फडे आले. कानांसारखे. काकांनी मला बोलवून दाखवले.

दोन हजार आठमध्ये गाड्यांच्या धंद्याचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. काकांची कोल्ड रूम बंद झाली. अजय आला आणि म्हणाला, "डॅड, यू कान्ट स्टे हिअर अलोन. रेडमंडला इतकी थंडीपण नाही."

काका म्हणाले, "म्हणूनच नको. तिथे पाऊस आहे."

अजयला कळलं नाही. मला कळलं. शेवटी काका रेडमंडला गेले. घर विकलं. ती कुंडी त्यांनी विमानात मांडीवर घेऊन नेली. सुरक्षातपासणीत कुंडीवरून काय झालं ते अजय सांगतो, ते वेगळं आहे.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. कामासाठी रेडमंडशेजारच्या बेलव्ह्यूला गेलो होतो, एक दुपार काढून भाड्याच्या गाडीने त्यांच्याकडे गेलो. तिकडचा तो पाऊस, दिवसभर नुसता भुरभुरणारा, कधी चालू झाला आणि कधी थांबला हे न कळणारा. काका वाळले होते. कपडे अंगावर लोंबत होते. चहा केला, काकूंसारखा, आलं जास्त.  मी विचारलं, "काका, करमतं का?" ते म्हणाले, "थंडी नाही इथे."

निघताना ते दारापर्यंत आले. वळचणीखाली कुंडी होती. मोठा फडा आणि त्याचे दोन कान, सुरकुतून, आडवे पडलेले. बघितल्यावर माझ्या तोंडून "अरेरे" निघणारच होतं, ते मी गिळलं. वारा सुटला आणि पाऊस तिरका वळचणीखाली यायला लागला. काकांनी दाराआडची छत्री घेतली, उघडली आणि कुंडीवर धरली. स्वतः बाहेर, पावसात.

"काका, भिजताय तुम्ही."

"मला चालतं," ते म्हणाले.

मी गाडीत बसलो. काच धूसर झाली होती, वायपर लावले. काकांनी हात वर केला. मला वाटलं निरोप देतायत. पण ते ओरडून काहीतरी सांगत होते. मी काच खाली केली.

"रबर गेलंय. बदलून घे."

गाडी भाड्याची आहे, हे मी सांगितलं नाही. घेतो, म्हणालो. वायपर एकदा फिरला की ते दिसत होते, डोक्यावरून पाणी ओघळतंय आणि छत्री कुंडीवर. मग ते पुसट व्हायचे, मग पुन्हा दिसायचे. रबर खरंच गेलेलं होतं.